साडूच्या घरासमोरचं हॉटेल

६ ऑक्टोबर, सोमवार

साडूचं निमंत्रण आलं. मोबाइलवर. पाळण्याचं चित्र, खाली इंग्रजीत नावं. साडूचा मुलगा विरेश आणि सून पूनम यांच्या मुलीचं बारसं. १६ नोव्हेंबर, पुणे.

पाठोपाठ गुरुबसप्पाचा फोन. या, सगळे या, नक्की या, असं तीनदा म्हणाला. उतरायला आमच्याकडेच या, असं एकदाही म्हणाला नाही. आपल्यात ते म्हणावं लागत नाही. तरी नोंद घेतली. (रोजनिशीत एकेरी. तोंडावर अहो-जाहो. तो थोरला साडू आहे आणि मला रीत कळते.)

दोन वर्षांपूर्वीची वही काढून विरेशच्या लग्नाचं पान पुन्हा वाचलं. जसंच्या तसं उतरवतो:

‘झोपायची सोय हॉलमध्ये, चटईवर. डोकं चप्पल-स्टँडखाली. पाय फ्रिजला लागतात. बेडरूम गुरुबसप्पाच्या कंपनीतल्या कुणा साहेबाला. सकाळी पाहिलं: मी आहेर दिलेली मोराची चादर चौपदरी घडी करून इस्त्रीखाली.’

मी तेव्हा हसलो होतो. ते हसणं मला अजून टोचतं.

छत्तीस वर्षं नोकरी केली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. एकही फाइल विसरलो नाही. हीही विसरलेलो नाही.

७ ऑक्टोबर, सकाळी ६

उपाय सुचला. दात घासताना.

बारशाला जायचं. हसायचं. आहेर करायचा. आणि हॉटेलात उतरायचं.

गावात सख्खा साडू असताना हॉटेलात. याहून मोठी थोबाडीत मारता येत नाही, आणि हातही उचलावा लागत नाही. समोरच्या काशम्माचा भाचा तीन वर्षांपूर्वी वळसंगहून इथे सोलापूरला परीक्षेला आला आणि लॉजवर उतरला. पोराचा हेतू अभ्यासाचा होता. काशम्मा त्याच्या लग्नाला गेली नाही. त्याला मुलगा झाला तेव्हा कुंची पाठवली नाही. आमच्या बाळीवेशीत अजून विचारतात, काशम्माच्या घरात असं काय झालं होतं की भाचा लॉजवर गेला?

गुरुबसप्पालाही असंच विचारलं जाईल. मरेपर्यंत.

बायकोला, धनलक्ष्मीला, सांगितलेलं नाही. तिने शेंगा भाजायला घेतल्या आहेत. अक्काकडे, म्हणजे गुरुबसप्पाच्या बायकोकडे, दोन रात्री राहायचं, दोघींनी पोटभर बोलायचं, असं ती फोनवर म्हणत होती. दोन वर्षं बहिणी भेटल्या नाहीत. याला जबाबदार कोण? गुरुबसप्पा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हॉटेलचा प्रश्न वाटला त्याहून नाजूक आहे.

मोठं हॉटेल नको. मोठ्या हॉटेलात उतरलं की लोक म्हणतात, मुलाने बुकिंग करून दिलं असेल. (आम्हाला मूल नाही. तरी म्हणतील.) लॉज नको. लॉजवर उतरलं की लोक म्हणतात, बिचारे. मला बिचारा व्हायचं नाही. त्याला करायचं आहे.

हॉटेल लहान पाहिजे. सात-आठ खोल्या. मालक स्वतः दारात उभा. आपल्याला नावाने ओळखणारा. म्हणजे बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की या गृहस्थांना जी आपुलकी नात्यात मिळाली नाही ती परक्याकडे मिळाली. मोठ्या हॉटेलात माणूस उतरतो. लहान हॉटेलात माणूस राहतो. हे वाक्य चांगलं जमलं. बारशात वापरायचं.

शिवाय ते साडूच्या बाल्कनीतून दिसलं पाहिजे. रोज सकाळी चहाच्या वेळी पाटी नजरेस पडली पाहिजे. आम्ही परत आल्यानंतरही.

१४ ऑक्टोबर

नऊ हॉटेलांना प्रपत्र पाठवलं. तेरा प्रश्न. खोल्या किती. मालक जागेवर असतात का. पाहुण्यांची नावं लक्षात ठेवतात का. भेटायला आलेल्या इसमास खालीच बसवून ठेवण्याची सोय आहे का. कर्वेनगरमधील अमुक इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील बाल्कनीतून हॉटेलची पाटी वाचता येते का, येत असल्यास कोणत्या अंतरावरून. सात दिवसांत उत्तर अपेक्षित.

१९ ऑक्टोबर

एकाचं उत्तर आलं. ‘हाय डियर’ अशी सुरुवात. यादीतून काढलं.

दुसऱ्या एका हॉटेलच्या साइटवर लिहिलं होतं की हे शहरातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं ठिकाण. फोटो उघडले. लाल दिवा. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. टॉवेल सोलापुरी वाटले. ते नीट बघायला चष्मा पुसत होतो, तेवढ्यात धनलक्ष्मी चहा घेऊन आली. तिने हंस पाहिले. माझ्याकडे पाहिलं. कप ठेवला आणि गेली.



२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळून झाल्यावर तिला सांगितलं. म्हटलं, यंदा ओवाळणी म्हणून तुला पुण्यात हॉटेलात राहायला नेतो.

ती निरांजन धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, अक्काला किती वाईट वाटेल हो.

तेच तर, असं ओठांवर आलं होतं. आवरलं. म्हटलं, अगं, घरात बाळंतीण, तान्हं बाळ. त्यांना त्रास नको.

हे वाक्य आयत्या वेळी सुचलं. उत्तम आहे. कुणालाही देता येईल. वरून साखर, आत सुरी.

ती म्हणाली, अक्काकडे त्रास कसला? मी जाऊन भांडी घासीन की. मग आत जाऊन तिने अक्काला फोन लावला आणि कन्नडमध्ये बोलली. तिचं माहेर अक्कलकोटचं. आमच्या घरातलं कन्नड माझ्या आईबरोबर गेलं. भांडणातलं कन्नड मला अजून कळतं. हे तसलं नव्हतं, त्यामुळे काही कळलं नाही. हॉटेलचं सांगू नको, असं मी दारातून तीनदा खुणावलं. तिने पाठ फिरवली.

सांगितलं नाही, असं नंतर म्हणाली. शपथेवर.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सापडलं!

‘निवांत’. सात खोल्या. बंगला आहे. रस्त्याच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला गुरुबसप्पाची इमारत. मध्ये फक्त एक गुलमोहर. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं. देवाचीच योजना.

मालकीण आगटेबाई. फोनवर अर्धा तास बोलल्या. गोड खाता का, उशी एक की दोन, सकाळी किती वाजता उठता. साडूने तीस वर्षांत यातलं एकही विचारलेलं नाही.

एकच अडचण. चनमल्लप्पा हे नाव त्यांना जमेना. चंद्रप्पा, चिनप्पा, मग चेन्नई. शेवटी म्हणाल्या, आपण सोपं करू या का, चंदूकाका?

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. तालुक्याची कागदपत्रं माझ्या सहीवाचून पुढे सरकत नसत. पण नावाने ओळखणारी मालकीण ही माझीच अट होती. हे नावच आहे. मान्य केलं.

५ नोव्हेंबर

साक्षीदार हवा. अपमान कुणी पाहिला नाही तर तो झालाच नाही.

सकाळी काशम्माला विश्वासात घेतलं. कुणाला सांगू नका, असं दोनदा बजावलं, म्हणजे ती नक्की सांगेल. तिने कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, लई बेस केलं बघा अण्णा. चटईवर निजवतो म्हंजे काय? सोन्यासारका मानूस. आता बसू दे की त्येला तोंड लपवून.

ती बोलत होती आणि मला डोळे भरून आल्यासारखं झालं. न्याय काय असतो ते या बाईला कळतं.

दुपारी चुलतभाऊ बसूचा कुंभारीहून फोन. संध्याकाळी अक्कलकोटहून दोन फोन. तोंडात बोट घातलं सगळ्यांनी. व्यवस्था चोख आहे.

१२ नोव्हेंबर

पुढचं आखून ठेवतो.

शनिवारी दुपारी पोचल्यावर मी फोन करणार. थंड आवाजात. तो हादरणार. संध्याकाळी सहापर्यंत हॉटेलवर येणार. हात जोडून. मी त्याला दहा मिनिटं खाली बसवून ठेवणार. (आगटेबाईंना विचारलं. रिसेप्शनला एकच खुर्ची आहे, तीही वेताची. छान.) मग खाली उतरणार. चहा मागवणार. तो म्हणेल, घरी चला, लोक काय म्हणतील. मी नाही म्हणणार. तो पुन्हा म्हणेल. मी पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो जवळजवळ रडेल.

तेव्हा म्हणायचं: आम्ही इथे सुखात आहोत.

बस्स. एवढंच. आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘सुखात’वर किंचित थांबायचं.

आहेराला चादर घेतली. पुन्हा मोराचीच. त्याला आठवण राहावी म्हणून.

१५ नोव्हेंबर, शनिवार. पुणे. दुपारी ३

पोचलो. खोली लहान आहे. बॅग उघडली की दार उघडत नाही. पण खिडकीतून गुरुबसप्पाची बाल्कनी समोर दिसते. दोरीवर लंगोट वाळत आहेत. आगटेबाई, या चंदूकाका, म्हणाल्या. धनलक्ष्मीने माझ्याकडे पाहिलं नाही.

३.२० ला फोन केला. म्हटलं, आम्ही आलो आहोत. हॉटेलात उतरलो आहोत. तुम्हाला त्रास नको.

पलीकडे शांतता. मी मोजली. चार सेकंद.

मग गुरुबसप्पा ओरडला, अरे वा! फार छान केलंत! आणि आत हाक मारली, अगं, चनमल्लप्पा हॉटेलात उतरलेत! आत कुणीतरी हुश्श म्हणालं. पूनमने फोन घेतला. म्हणाली, काका, किती हो समजूतदार तुम्ही. बाळ रात्रभर झोपू देत नाही, हॉलमध्ये अक्कलकोटची अकरा माणसं आहेत, बाथरूम दोनच, मला तर सकाळपासून रडू येत होतं. तुम्हाला कळलं, काका. तुम्हालाच कळलं.

आणि खरंच रडली.

जबर धक्का बसलेला दिसतो. माणूस हादरला की आधी असंच काहीतरी बोलतो.

सायंकाळी ५.४५

कपडे बदलून बसलो आहे. कधीही येईल.

सायंकाळी ६.४०

वाहतूक असेल.

(रस्ता ओलांडायचा आहे फक्त. पण पुण्यातला रस्ता.)

सायंकाळी ७.१५

डबा आला. इमारतीच्या वॉचमनबरोबर. चार चपात्या, वांग्याची भाजी, खीर. सोबत चिठ्ठी: आराम करा.

स्वतः यायची लाज वाटली. स्पष्ट आहे.

धनलक्ष्मी जेवली नाही. खिडकीशी उभी राहिली. मग समोरच्या बाल्कनीत अक्का आली. दोघींनी एकमेकींना हात केला. मग धनलक्ष्मीने अक्काला फोन लावला. रस्त्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. अक्काच्या कडेवर बाळ होतं. अक्काने बाळाचा हात धरून हलवला. धनलक्ष्मीने आपला हलवला.

मी मघाशी मागितलेल्या चहाचं काय झालं, असं तिला विचारणार होतो. विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. बारसं

गुरुबसप्पाने दारातच मिठी मारली. मग खांद्यावर हात ठेवून मला हॉलभर फिरवलं. प्रत्येकाला सांगितलं, हे आमचे धाकटे साडू. सोलापूरचे. हॉटेलात उतरलेत बघा! आपण होऊन!

त्याच्या कंपनीतला तो साहेब आला होता. म्हणाला, ग्रेट. आमच्याकडच्यांना कधी कळणार हे?

मी माझं वाक्य टाकलं. मोठ्या हॉटेलात माणूस उतरतो, लहान हॉटेलात माणूस राहतो. साहेबाने ते मोबाइलवर टिपून घेतलं आणि हॉटेलचा नंबर मागितला. त्याची मेहुणी येणार आहे म्हणे नागपूरहून.

अक्कलकोटचे अकरा लोक भिंतीला टेकून बसले होते. पाठी धरलेल्या. माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं ते नीट सांगता येत नाही. आदर असावा.

चादर दिली. अक्काने उलगडून पाहिली. बाई गं, अगदी तशीच, म्हणाली. पहिलीसारखी चादर नाही हो, चनमल्लप्पा. साड्यांना इस्त्री काय येते तिच्यावर! ती आता जरा विरली होती. बरं झालं दुसरी आणलीत.

हसलो.

मुलीचं नाव अन्विता ठेवलं. पाळण्याची दोरी धनलक्ष्मीच्या हातात दिली होती. ती सोडेना. आमची गाडी चारची होती.

१८ नोव्हेंबर. सोलापूर

एकंदर मोहीम यशस्वी. तपशिलात काही उणिवा.

धनलक्ष्मी बोलते, पण कामापुरतं. दोन रात्री होत्या हो, एवढंच एकदा म्हणाली. त्यातली एक तर हॉटेलात गेली, दुसरी चारच्या गाडीत.

२३ नोव्हेंबर

गुरुबसप्पाने नातेवाइकांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला आहे. आगटेबाईंनी काढलेला, वेताच्या खुर्चीवर बसलेला. खाली लिहिलं आहे: चनमल्लप्पांनी नवा पायंडा पाडला. यापुढे पुण्याला येणाऱ्या सर्वांनी त्यांचा आदर्श घ्यावा. सोबत पाच हॉटेलांची यादी. पहिलं ‘निवांत’.

चौतीस जणांनी वाचलं. अंगठा फक्त गुरुबसप्पाच्या साहेबाचा. त्याला ग्रुपमध्ये कुणी घेतलं?

२६ नोव्हेंबर

बसूचा फोन. कुंभारीचा माझा चुलतभाऊ. सरळ शिव्यांनी सुरुवात. त्याची पोरगी पुढच्या महिन्यात पुण्याला इंटरव्ह्यूला जायची आहे. गुरुबसप्पाकडे उतरायची होती. त्याने यादी पाठवली. बसू म्हणाला, तुज्यामुळं हाय हे सगळं. आता काय रस्त्यावर निजू दे व्हय तिला? आदर्श म्हनं. आदर्श!

फोन ठेवला. बसूला दूरदृष्टी नाही.

अक्कलकोटहून कुणी फोन करत नाही. ज्याने पायंडा पाडला त्याला एकटं चालावं लागतं.

८ डिसेंबर

बातमी. गुरुबसप्पा सहकुटुंब गड्ड्याच्या जत्रेला येतोय. बाळाला सिद्धेश्वराच्या पायावर घालायला. भोगीच्या आदल्या दिवशी येणार, करीच्या दिवशी जाणार. चार दिवस.

गेली दोन वर्षं सोडली तर तीस वर्षं गड्ड्याला ती मंडळी आमच्याकडेच उतरत आली आहेत. आमच्या पलंगावर. मी बाहेरच्या खोलीत.

यंदा मी तयार आहे. पुणे ही नुसती सुरुवात होती.

१० डिसेंबर

चप्पल-स्टँड विकत आणलं. आमच्याकडे नव्हतं. आम्ही चपला दाराबाहेर काढतो. सहा कप्प्यांचं आहे, लोखंडी. हॉलमध्ये भिंतीला लावलं. फ्रिज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणला. जागा आखली. उशीपासून फ्रिजपर्यंत पाच फूट चार इंच. गुरुबसप्पा पाच-आठ आहे.

धनलक्ष्मीने विचारलं, फ्रिज इथे कशाला? म्हटलं, वास्तू.

१७ डिसेंबर

चटईसाठी चार दुकानं हिंडलो. प्रत्येक जण जाड दाखवतो. मला पातळ हवी आहे, म्हटलं तर एकाने विचारलं, काय वाळत घालायचं आहे?

शेवटी मिळाली. प्लास्टिकची. निळी-हिरवी. अंगठ्याखाली फरशीचा सांधा लागतो.

दुपारी जेवणानंतर स्वतः पडून पाहिलं. पद्धतशीर माणसाने स्वतः तपासावं. तासाभराने उठता येईना. धनलक्ष्मी आणि काशम्माने दोन बाजूंनी धरून उठवलं. काशम्मा म्हणाली, पलंग असून खाली कशापाई निजतासा वो? वैराग्य आलंय का?

चटई उत्तीर्ण.

२ जानेवारी

पाठ बरी आहे. वाकता येत नाही, एवढंच.

धनलक्ष्मीने वेगळीच तयारी चालवली आहे. पिंजाऱ्याला बोलावून गादी पुन्हा भरून घेतली. आतली खोली धुतली. बाळासाठी जुन्या लुगड्याची झोळी शिवली आणि आढ्याच्या कडीला बांधली. कडक भाकरी दोन डबे. शेंगाचटणी कुटताना गुणगुणत होती. किती दिवसांनी ऐकलं. अक्का पलंगावर, मी अक्काजवळ, बाळ झोळीत, असं तिचं ठरलं आहे. पुरुष बाहेर कुठेही झोपा, म्हणाली.

पुरुष बाहेर. तिला कळतही नाही, पण ती माझ्याच बाजूने काम करते आहे.

९ जानेवारी

काशम्माला सांगून ठेवलं, सोमवारी दुपारी येऊन जा, पाहुण्यांची झोपायची सोय बघायला. ती म्हणाली, येते की. तुमच्या अक्काला बी लई दिसांनी बघीन.

साक्षीदार तयार.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ११

चटई अंथरली. चप्पल-स्टँडवर सगळ्या जुन्या चपला ओळीने लावल्या. पावसाळी बूटसुद्धा.

दुपारी १.३०

धनलक्ष्मी अजून जेवली नाही. दर रिक्षाला दारात जाते. काशम्मा येऊन ओट्यावर बसली आहे.

दुपारी २.१०

फोन आला. गुरुबसप्पा. आनंदात. म्हणाला, पोचलो. हॉटेलात उतरलोय. सात रस्त्याजवळ. छोटंसं आहे, आठ खोल्या, मालकीण स्वतः बाळाच्या अंघोळीचं पाणी आणून देते. तुम्हीच शिकवलंत, चनमल्लप्पा. तुम्हाला त्रास नको.

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा, अरे वा.

स्पीकर चालू होता. काशम्माने ऐकलं. ओट्यावरूनच मोठ्यांदा म्हणाली, हाटेलात? सक्की बहीन हितं असताना हाटेलात? काय झालं वो घरात?

काही नाही, म्हटलं. हल्ली पद्धत आहे. पुण्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात.

ती म्हणाली, मला नगा शिकवू. माझा भाचा गेलता लॉजवर. मला ठावं हाय पद्धत. आणि उठून धनलक्ष्मीकडे बघत राहिली. काशम्माला कुणाकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं.

धनलक्ष्मी आतल्या खोलीत गेली. झोळीची दोरी सोडल्याचा आवाज आला.

दुपारी ४

गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. इस्त्रीवाल्याने विचारलं. पानवाल्याने विचारलं नाही, पण पान देताना मान हलवली.

अजून वेळ गेलेली नाही. मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन येतो. पलंग देतो. चटई उचलली.

सायंकाळी ६.३०

गेलो. रिसेप्शनला एकच खुर्ची होती. गुरुबसप्पा बाळाला घेऊन गच्चीवर होता, दहा मिनिटं लागली. मालकिणीने नाव विचारलं आणि पहिल्याच दमात बरोबर म्हणाली. अक्कलकोट नाक्याकडची आहे.

तो खाली आला. माझ्यासाठी चहा मागवला.

मी म्हटलं, घरी चला. लोक काय म्हणतील. तो हसला, म्हणाला, आता कोण असल्या गोष्टी मनावर घेतं? तुम्हीच सांगा. मी पुन्हा म्हटलं. धनलक्ष्मीने गादी भरून घेतली आहे. तो म्हणाला, म्हणूनच नको. किती राबेल ती.

तिसऱ्यांदा म्हणताना माझे हात जोडले गेले होते. ते मला चहा घेताना कळलं, कारण कप धरायला हात मोकळे नव्हते.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, खरंच सांगतो, चनमल्लप्पा. आम्ही इथे सुखात आहोत.

कुठेही थांबला नाही. सरळ म्हणाला.

१३ जानेवारी, भोगी

दुपारी सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता. संमती कट्ट्यापाशी गर्दीत दोन्ही कुटुंबं एकत्र उभी होती. बाळाच्या मुठीतून तांदूळ धनलक्ष्मीच्या केसांत पडले. तिने ते काढले नाहीत.

घरी आलो. तिने पिशवी भरली. दोन साड्या, शेंगाचटणी, एक डबा भाकरी, झोळी. मी विचारलं, कुठे? म्हणाली, अक्काकडे. पूनमने शेजारची खोली मोकळी आहे का ते विचारून ठेवलं होतं. दोन रात्री.

मी म्हटलं, आपल्याच गावात, आपलं घर असताना, तू हॉटेलात राहणार? लोक काय म्हणतील?

ती म्हणाली, तुम्ही सांगा की त्यांना. तुम्हाला त्रास नको म्हणून गेली म्हणावं.

मी रिक्षापर्यंत पिशवी नेली. काशम्मा ओट्यावर होती. काही विचारलं नाही. त्याने जास्त लागलं.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी गच्चीवर गेलो. सात रस्ता त्या बाजूला. काही दिसत नाही. मध्ये पाण्याची टाकी येते. तरी थोडा वेळ उभा राहिलो. हात केला नाही. कुणाला करणार?

९.१५ ला तिचा फोन. भाकरी झाकून ठेवली आहे, खाल्ली का? पाठीला तेल लावलं का? मागे बाळ ओरडत होतं आणि अक्का हसत होती. मग त्या दोघींचं कन्नडमध्ये काहीतरी झालं. ते मला कळलं नाही.

विचारलं, हॉटेल कसं आहे?

म्हणाली, लहान आहे. पण आपुलकीचं आहे हो. रात्रभर बोललो.

तिळगूळ घरी आहे. द्यायला कुणी आलं नाही. चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. फ्रिज एकट्याने सरकत नाही. चप्पल-स्टँडवरच्या जुन्या चपला पोत्यात भरल्या. धनलक्ष्मीच्या चपला ती घालून गेली आहे.

सहा कप्पे आहेत. माझी एक जोडी वरच्या कप्प्यात ठेवली.